सोफ्याला मॅच होणारा हनुमान

हल्ली टू-बीएचकेमध्ये एक भिंत मुद्दाम रिकामी ठेवतात. तिच्यावर देव यायचे असतात. देव्हाऱ्यातले नव्हेत, त्यांची सोय वॉटर प्युरिफायरच्या शेजारी केव्हाच लागलेली असते. हे दिवाणखान्यातले देव. मधुबनीची सीता, पिछवाईतल्या गायी, पट्टचित्रातला जगन्नाथ. इंटीरियरवाला सोफ्याच्या कापडाचा तुकडा खिशात घालून दुकानात जातो, रंगाला रंग लावून बघतो आणि जमलं की देव फायनल. एरवी पुण्यात भाडेकरू ठेवतानासुद्धा याच्या दसपट चौकशी होते.

देव भिंतीवर गेले याबद्दल तक्रार नाही. मिथिलेत नवरा-नवरीच्या कोहबर-घरात ते भिंतीवरच असायचे. आमची तक्रार एवढीच की विकत घेताना आपण त्यांचा आवाज दुकानातच ठेवून आलो.

लांब कशाला, कुडाळला लागून असलेलं पिंगुळी घ्या. गोव्याला निघालेला अर्धा महाराष्ट्र या गावाच्या बाजूने जातो. काही भाविक राऊळ महाराजांच्या मठात थांबतात, बाकीचे मडगाव किती राहिलं ते मोबाइलवर बघतात. या पिंगुळीत ठाकर समाजाची मंडळी पिढ्यान् पिढ्या चित्रकथी सादर करत आली. हातकागदावर रंगवलेली फूटभर उंचीची चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एका कथेचा एक गठ्ठा, त्याला म्हणायचं पोथी. ही पोथी वाचायची नसते. एक जण वीणा घेऊन बसणार, साथीला टाळ आणि हुडुक. चित्र समोर उभं करून त्यावर गात, बोलत, मध्येच स्वतःशी भांडत कथा पुढे न्यायची. प्रसंग संपला की चित्र पालटायचं. सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता, देवळातला जागर होता, आणि गावाला रात्रभर दुसरं काही बघायला नव्हतं. कलेला लागतं ते सगळं होतं.

बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांची दखल आहे. म्हणजे पॉवरपॉइंटचा शोध आपणच लावला, असं एखाद्या व्याख्यात्याने अजून कसं सांगितलं नाही याचं नवल वाटतं. फरक एवढाच की सोमेश्वराच्या काळी स्लाइड बघून वाचून दाखवायची सोय नव्हती. सांगणाऱ्याला गोष्ट पाठ असावी लागे.

पिंगुळीचं चित्र नीट बघा. माणसं मोठाल्या डोळ्यांची, अंगावर दागिने, हातात शस्त्रं, जो तो कुठेतरी निघालेला. आणि मागे? बहुतेक ठिकाणी कोरा कागद. डोंगर नाही, ढग नाहीत, समुद्र असलाच तर नावापुरता. चित्रकाराला डोंगर काढता येत नव्हता म्हणून नव्हे. डोंगर उभा करणं हे गाणाऱ्याचं काम होतं. लंका जळाली की ती गळ्यात जळायची, कागदावर फक्त शेपूट. ती कोरी जागा आवाजासाठी राखीव होती. आपण काय केलं? तेच चित्र आणून त्याला मरून माउंट लावला, काच बसवली, वर पिवळा दिवा सोडला. पाहुणे विचारतात, “वारली का?” यजमान म्हणतात, “नाही हो, ट्रायबलच, पण वेगळं.”

कथाही सगळ्या ओळखीच्या नसतात. अहिरावण-महिरावण राम-लक्ष्मणांना उचलून थेट पाताळात नेतात, हा प्रसंग वाल्मीकींच्या रामायणात शोधायला जाऊ नका. लोकांनी तो वाढवला, रंगवला, रात्रभर पुरवला. पैठणची म्हणून ओळखली जाणारी चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत, त्यांतही असले प्रसंग भरपूर. सुट्टीत मुलांना घेऊन आलेले पालक मात्र त्यांच्यासमोरून भराभर जातात. मुलाने “महिरावण कोण?” असं विचारलंच तर पंचाईत.

त्याच सावंतवाडीत दशावतारी गंजिफा बनत. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० पत्ते. वामनावर मत्स्य टाकायचा, हरलं तर चिडायचं, पुन्हा पिसायचं. देव हातात घेऊन खेळायचे असतात यात कुणाला पाप दिसत नव्हतं. आज तोच संच शोभेच्या डबीत मिळतो. खेळायचा कसा हे विचारलं तर विकणाऱ्याच्या चेहऱ्यावरही प्रश्नचिन्ह.

या भक्तिचित्रकारांना भोळे समजू नका. कलकत्त्याला कालीघाटच्या देवळाबाहेर एकोणिसाव्या शतकात पटुआ बसायचे आणि यात्रेकरूंना स्वस्तात काली, शिव, कृष्ण विकायचे. त्याच गठ्ठ्यात कपाळाला टिळा लावलेलं मांजर असायचं, तोंडात मासा धरून. बायकोचा मार खाणारे बाबू असायचे. १८७३ साली तारकेश्वरच्या महंताचं प्रकरण गाजलं. त्याच्याशी असलेल्या संबंधावरून एका विवाहितेचा तिच्या नवऱ्यानेच गळा कापला, आणि महंताला तुरुंगवास झाला. पटुआंनी लागलीच चित्रं काढली: महंत तुरुंगात घाणा फिरवतोय. देवळाच्या दारात! एका हाताला काली, दुसऱ्या हाताला महंत, आणि भाविक दोन्ही घेऊन घरी जात होते. असलं चित्र आज एखाद्या देवस्थानाबाहेर विकायला ठेवून बघा. संध्याकाळपर्यंत भावना दुखावतील, रात्रीपर्यंत दुकानाच्या काचा. तिरकस सदर लिहिणाऱ्यांनी आपले पूर्वज इंग्रजी नियतकालिकांत शोधू नयेत, ते कालीघाटला मांडी घालून बसले होते.

मग छापील चित्रं आली, परदेशातूनही आली. चकचकीत आणि आणखी स्वस्त. पटुआंचा धंदा बसला. उरलेल्या चित्रांचा मोठा साठा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तिथे भावना दुखावत नाहीत, तापमान नियंत्रित असतं.

आता मधुबनीकडे वळू. पुण्या-मुंबईत सध्या दर रविवारी कुठे ना कुठे ‘दोन तासांत मधुबनी’ चालू असतं, साहित्य आणि चहा-बिस्किटं समाविष्ट. मासा भरायचा, सेल्फी काढायचा, घरी जायचं. या कार्यशाळांत भास्कर कुलकर्णी हे नाव क्वचितच ऐकू येतं. १९६६-६७ च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकरांनी ज्याला मिथिलेत पाठवलं तो हा मुंबईचा चित्रकार. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांच्या हातात त्याने कागद दिला, चित्राला बाजार मिळाला, पोटाला भाकरी मिळाली. पुढे जगदंबा देवी, सीता देवी अशा बायका पद्मश्री झाल्या. एक मराठी माणूस बिहारला जाऊन हे करून आला. पिंगुळी त्या मानाने बरीच जवळ आहे, कदाचित म्हणूनच राहून गेली असेल. नाही म्हणायला दिग्दर्शक मणी कौल यांनी ‘चित्रकथी’ हा लघुपट १९७७ साली केला. मराठी चॅनेलांना हे गाव आठवतं ते पुरस्कार जाहीर झाल्यावर.

तो झालाही. २०२१ च्या पद्म यादीत पिंगुळीचे परशुराम आत्माराम गंगावणे होते. ज्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय मांडलं ते हे गृहस्थ. सरकारी संग्रहालयांची परिस्थिती नेमकी उलट असते, पण तो विषय वेगळा. त्याच यादीत मधुबनीच्या दुलारी देवीही होत्या. मच्छीमार समाजातल्या, महासुंदरी देवींच्या घरी धुणीभांडी करता करता चित्र शिकलेल्या. दोघांना एकाच वर्षी पद्मश्री. पुढे १ फेब्रुवारी २०२५ ला अर्थमंत्री दुलारी देवींनी दिलेली मधुबनीची साडी नेसून अर्थसंकल्प मांडायला आल्या. त्याच भाषणात बिहारला मखाना बोर्ड मिळालं, आणि त्याच वर्षी बिहारात निवडणूक होती. कलेच्या भरभराटीला असे योगायोग लागतात. सिंधुदुर्गाच्या वाट्याला लोकसभेची एक जागा, तीही रत्नागिरीच्या भागीदारीत. तेवढ्यात फार तर हातरुमाल निघेल.

साडी नसली तरी मगवर, उशीवर, मोबाइलच्या कव्हरवर चित्रकथी येऊ लागलीच आहे. ‘हँडमेड लुक’ असं त्यावर लिहिलेलं असतं, म्हणजे हात कुणाचाच लागलेला नसतो. उशीवर गणपती छापलेला असेल तर पाहुण्याने पाठ टेकायची की नमस्कार करायचा, याचा खुलासा पाकिटावर नसतो.

आणि समजा, उद्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीला उत्साह आलाच आणि गणेशोत्सवात तिने पिंगुळीहून चित्रकथी बोलावली. वेळ पंधरा मिनिटं, फॅन्सी ड्रेस आणि तंबोला यांच्या मधली. पोथी सोडायला पाच मिनिटं, अध्यक्षांच्या हस्ते शाल-श्रीफळाला पाच. उरलेल्या पाचात महिरावण राम-लक्ष्मणांना घेऊन पाताळात पोचतो न पोचतो, तोच निवेदिका माइक हातात घेईल. “वेळेअभावी आपल्याला इथेच थांबावं लागतंय, जोरदार टाळ्या! एमएच ट्वेल्व्ह, पांढरी क्रेटा, गाडी गेटसमोरून काढून घ्यावी ही विनंती.” टाळ्या होतील, क्रेटा निघेल, तंबोल्याची तिकिटं वाटली जातील. राम-लक्ष्मणांना बाहेर काढायचा विषय पुढच्या वर्षीच्या मीटिंगमध्ये, कोरम झाला तर.