जीएसएम काका

लग्नपत्रिका हातात पडली की माणसं मुहूर्त बघतात, कार्यालय बघतात, जेवणाची वेळ बघतात. आमचे काका पत्रिकेचा कोपरा फाडतात. एकदा उभा, एकदा आडवा. दोन्ही फाटी डोळ्यांजवळ नेऊन ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, निरखतात आणि म्हणतात, "घडी ग्रेनच्या आडवी घातलीये. चार दिवसांत उकलणार." काकू धावत येऊन विचारतात, "अहो, लग्न कुणाचं आहे?" ते काकांनी पाहिलेलंच नसतं.

चंद्रपूरकडच्या एका पेपर मिलमध्ये, आर अँड डीत, काकांचा जन्म गेला. मिलमध्ये त्यांना 'साहेब' म्हणतात, कॉलनीत 'जीएसएम काका'. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. आपण भाजी घेताना भाव विचारतो, तसे ते कुठलाही कागद पाहून जीएसएम विचारतात. विचारतात ते रीत म्हणून. अंगठा आणि तर्जनीत कागद धरला की आकडा त्यांना कळलेला असतो. चौकातला स्टेशनरीवाला एकदा "पंचाहत्तरचा आहे काका, घ्या डोळे मिटून" म्हणाला आणि फसला. काकांनी रिममधले ए-फोरचे 16 कागद मोजून घेतले, शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवले आणि काटा 70 ग्रॅमवर थांबला. ए-फोरचे 16 कागद म्हणजे बरोबर एक चौरस मीटर. पुढे हिशेबच नाही. तेव्हापासून काका दिसले की स्टेशनरीवाला फोनवर बोलायला लागतो.

वाचनाची त्यांना आवड आहे, पण कागदाच्या. वाचनालयातून कादंबरी आणतात, उघडतात, वाकवतात, पानं सोडून देतात. "कशी आहे काका?" विचारलं तर उत्तर मिळतं, "ग्रेन चुकलाय. तंतू पुस्तकाच्या कण्याला समांतर हवेत. हे पुस्तक उघडं राहतच नाही." एका थोर कादंबरीवर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. पेपरवर चहा सांडला तर घरातले फडकं शोधतात. काका घड्याळाकडे बघत साठ सेकंद मोजतात. ती म्हणे कॉब टेस्ट. मिनिटभरात कागद किती पाणी पितो ते त्यात कळतं. पाण्याऐवजी चहा चालतो का, हा प्रश्न काकूंनी विचारून सोडून दिला आहे.

काकांचं दैवत कार्ल डाल. 1879 च्या सुमारास या गृहस्थाला महागडा सोडा ॲश परवडेना, म्हणून त्याने स्वस्तातलं सोडियम सल्फेट वापरून पाहिलं. ते भट्टीत जाऊन सल्फाइड झालं, डायजेस्टरमध्ये लाकूड लवकर शिजलं आणि लगदा निघाला तो पूर्वीपेक्षा चिवट. आज जगातला बहुतेक रासायनिक लगदा याच वाटेने शिजतो. "काटकसरीतून लागलेला शोध आहे हा!" असं काका अभिमानाने सांगतात आणि वापरलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवतात.

डालच्या कृपेने गावाला वासही मिळाला. वारा फिरला की पाहुणे नाकाला रुमाल लावतात. काका खोल श्वास घेऊन त्यांना समजावतात, "हायड्रोजन सल्फाइड कमी आहे आज. मिथाइल मर्कॅप्टन जास्त. घरच्या सिलिंडरमध्ये गळती कळावी म्हणून जे घालतात ना, ते याचंच भावंड." हे ज्ञान एकदा अंगाशी येणार होतं. स्वयंपाकघरात शेगडीची नळी गळत होती आणि काका झोपाळ्यावर बसून "आज वारा डायजेस्टरकडून आहे" म्हणत होते. काकू भाजी घेऊन वेळेत आल्या म्हणून पुढचं टळलं. नळी बदलून होईपर्यंत काका त्या दोन वासांतला फरक सांगत होते.

त्यांच्या आयुष्याचं काम म्हणजे बगॅस. बांबू आणि निलगिरीच्या जोडीला उसाचं चिपाड किती जास्त घालता येईल, हा ध्यास. चिपाडात तंतूंबरोबर पिथ असतो, म्हणजे गाभ्याचा भुसा. तो नीट काढला नाही तर पाणी धरून ठेवतो, आणि कागद करणं म्हणजे मुळात पाणी काढणं. मशीनच्या तोंडाशी शंभर किलोत जेमतेम एक किलो तंतू असतात, बाकी पाणी. ते जाळीतून गाळायचं, रोलखाली पिळायचं, वाफेच्या सिलिंडरांवर उडवायचं, तेही मिनिटाच्या आत. लॅबमध्ये काका ताटलीएवढा कागद निवांत गाळतात, दाबतात, वाळवतात. ताणून बघतात, फाडून बघतात, फोडून बघतात. सगळे आकडे झकास. मग मशीनवर ट्रायल लागते.

ट्रायलच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालतात. प्रॉडक्शनवाले मॅनेजर कपाळाला आठ्या घालतात. ओला कागद प्रेसपर्यंत येतो, थरथरतो आणि फाटतो. भोंगा वाजतो, माणसं धावतात, फाटलेला कागद ढिगाने खाली पडून पुन्हा लगदा व्हायला जातो. मशीन हळू केलं की कागद टिकतो आणि मॅनेजर टिकत नाहीत. शेवटी एखादा जुना ऑपरेटर घाम पुसत म्हणतो, "साहेब, तुमचा कागद लॅबमंदीच बरा होता ना!" काका वहीत नोंद करतात: निष्कर्ष उत्साहवर्धक, आणखी एक ट्रायल आवश्यक. एवढं एक वाक्य कायम राखून त्यांनी तीन जनरल मॅनेजर निवृत्त केले.

मग त्यांचीही पाळी आली. मिलच्या हॉलमध्ये शाल, श्रीफळ, मानपत्र. एचआरच्या मुलीने मानपत्र रंगवून वाचलं: तपस्वी संशोधक, कागदाचा पुजारी वगैरे. ती वाचत होती तेव्हा काकू डोळे टिपत होत्या आणि काका लांबूनच कागदाची पांढरी छटा पारखत होते. ते हातात येताच त्यांनी कानाशी धरून एक टिचकी मारली. मग दिव्यासमोर धरलं. हॉल शांत. साहेब गहिवरले असावेत, असं मागच्यांना वाटलं. काका माइकजवळ गेले आणि म्हणाले, "शंभर जीएसएम, ग्रेन बरोबर, छपाई उत्तम. पण हा वॉटरमार्क आपल्या मिलचा नाही."

जनरल मॅनेजरांनी मान वळवून खरेदी विभागाच्या रांगेकडे पाहिलं. ती अख्खी रांग चहाची व्यवस्था बघायला उठली होती.