जिवाला धोका हवा

उसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एक तरी आबा असतात. पंधरा-वीस एकर बागायत, बंधाऱ्याची एखादी ठेकेदारी, दारात पांढरी गाडी, सोसायटीत संचालकपद. सगळं असतं, फक्त कमरेला काही नसतं. शर्टाखाली जिथे फुगवटा दिसायला हवा, तिथे आबांच्या किल्ल्यांचा जुडगा असतो. शेजारच्या गावच्या माजी सभापतींच्या कमरेला मात्र खरोखरीचं पिस्तूल आहे, आणि त्यामुळे आबांना झोप येत नाही.

मग घराच्या संरक्षणासाठी परवाना काढायचं ठरतं. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे नियम हे दोन्ही आबांना वकिलामार्फत, म्हणजे अर्धेच, कळतात. अर्ज भरायचा, डॉक्टरकडून शरीर आणि मन ठिकाणावर असल्याचा दाखला आणायचा, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यायचं, शस्त्र घरात सुरक्षित ठेवीन असं लिहून द्यायचं. एवढं सगळं जमतं. अडतं ते परवाना कशासाठी हवा या रकान्यापाशी.

आबा आधी ‘बिबट्या’ लिहितात. उसात बिबट्या आहे हे खरंच. जुन्नर-शिरूरकडे तर तो रोजच्या बोलण्यात आहे. पण बिबट्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कडक संरक्षण आहे, आबांना नाही. तो शब्द खोडला जातो. कोकणात माकडं आणि रानडुकरं कामाला येतात, तिथे शेतीसंरक्षणाची बंदूक मिळते. पण कमरेला लावून लग्नाला जाण्याजोगी ती वस्तू नव्हे.

अखेर पोलिसांचा अहवाल येतो: अर्जदाराच्या जिवास धोका असल्याचे दिसून येत नाही.

आयुष्यात आबांचा इतका अपमान कुणी केला नसेल. चाळीस वर्षं राजकारणात काढली आणि एक शत्रू नाही? ते तडक बांधावरून भांडण असलेल्या चुलतभावाकडे जातात. ‘‘गेल्या वर्षी तू मला धमकी दिलीस ना?’’

‘‘कधी, आबा?’’

‘‘नसशील दिली, तर आता दे.’’

बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने असल्याची चर्चा २०२४ च्या अखेरीस सुरू झाली, हवेत बार काढणाऱ्यांचे व्हिडिओ फिरले आणि प्रशासनाला परवाने रद्द करत सुटावं लागलं. लोक हादरले. आबांना आपल्या जिल्ह्याच्या मागासलेपणाची खंत वाटली.

वर्ष-दोन वर्षांनी, कुणाकुणाच्या फोननंतर, परवाना मिळतो आणि खरेदीचा सोहळा सुरू होतो. शहरातल्या बंदुकीच्या दुकानात आबा प्रथम नाइन एमएम मागतात, कारण सिनेमात तीच असते. दुकानदार शांतपणे सांगतो की ते प्रतिबंधित बोअर आहे, पोलीस आणि लष्करासाठी. तुम्हाला पॉइंट बत्तीस. विलायती? तीही मिळते, पण आयात १९८० च्या दशकातच बंद झाल्यामुळे बाजारात आहेत ती जुनी, हातोहात फिरलेली पिस्तुलं, आणि एखाद्या वॉल्थरची किंमत ऐकली की ट्रॅक्टर स्वस्त वाटू लागतो. उरतं कानपूरचं सरकारी रिव्हॉल्व्हर. सहा गोळ्या, आणि किमतीत एखादी बरी म्हैस येईल.

घरासाठीच हवं असेल तर दुनळी बाराबोअर पुष्कळ स्वस्त पडेल, असंही दुकानदार सुचवतो. हा माणूस प्रामाणिक आहे. लांब नळी बोळात अडखळते आणि प्लायच्या पार्टिशनमागे नातवंडं झोपत असतील तर कुठलीही गोळी झाडण्यापूर्वी विचार करा, हेही तो सांगतो. आबा ऐकत नसतात. ते आरशासमोर उभे राहून शर्ट खाली ओढून बघत असतात.

कानपूरनेच २०१४ साली स्त्रियांसाठी ‘निर्भीक’ काढलं होतं: वजन अर्धा किलो, किंमत १,२२,३६० रुपये, आणि वर दागिन्याच्या पेटीसारखी तपकिरी-लाल पेटी. आबा बायकोला, म्हणजे काकूंना, मोबाइलवर तिचा फोटो दाखवतात. ‘‘पेटी छान आहे,’’ काकू म्हणतात. ‘‘आत दुसरं काहीतरी घालून आणा.’’

शेवटी कानपूरचं पॉइंट बत्तीस घरी येतं. हळदकुंकू लागतं. वकील जेवायला येतात आणि भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं समजावतात: रात्री घर फोडणाऱ्याचा जीव घेण्यापर्यंतही बचावाचा हक्क पोचू शकतो. इथे आबा उठून हात धुवायला जातात. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, हे उरलेलं अर्धं वकील भाताला सांगतात. वरातीत बेफिकिरीने बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, हेही भातच ऐकतो.

रिव्हॉल्व्हर गोदरेजच्या कपाटात, पैठणीखाली. किल्ली काकूंच्या कमरेला. गोळ्या देवघराच्या खणात, कारण तिथे नातवंडं हात लावत नाहीत. एका रात्री स्वयंपाकघरात भांडं पडतं. आबा चष्मा शोधतात, काकूंना उठवतात, काकू किल्ली शोधतात, कपाटाचं दार असं करकरतं की शेजारचा दिवा लागतो, आणि देवघरात सोवळ्याओवळ्याचा प्रश्न निघतो. तोवर मांजर दूध पिऊन, मिशा पुसून, निघून गेलेलं असतं. चोर असता तर त्याने एव्हाना चहा टाकला असता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेता गोविंदा यांच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी, ते कपाटात ठेवताना, त्यांच्याच पायात घुसली. ती बातमी काकूंनी कात्रण काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे.

आणि मग निवडणूक लागते. जिल्ह्याची छाननी समिती बसते आणि कुणाकुणाची शस्त्रं जमा करून घ्यायची ते ठरवते: जामिनावर सुटलेले, गुन्हे नावावर असलेले, मागच्या निवडणुकीत दंगा केलेले. आबा आठवडाभर नोटिशीची वाट बघतात. ती येत नाही. शेवटी स्वतःच रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून ठाण्यात जातात.

‘‘आबा, यादीत तुमचं नाव नाही,’’ हवालदार म्हणतो. ‘‘तुमच्यापासून कुणाला काय त्रास?’’

‘‘सभापतींचं आहे का?’’

‘‘आहे ना. दोन गुन्हे आहेत त्यांच्यावर.’’

आबा खुर्ची ओढून बसतात. आवाज खाली येतो. ‘‘घ्या हो जमा करून. गावात काय तोंड दाखवू?’’

हवालदाराला दया येते. तो पावती फाडतो. आबा तिची घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतात, ठाण्याचा शिक्का बाहेर दिसेल अशा बेताने.