मरण कोणाच्या खात्यावर?

प्रति,
अमेरिकेतील समस्त मरणोन्मुख माजी सैनिक

विषय : अखेरचे सहा महिने दोन्ही कार्यालयांच्या सोयीने व्यतीत करण्याबाबत

महोदय,

ज्या देशाने आपल्या सैनिकांना मरणाच्या दारातही एक सोडून दोन हक्क बहाल केले, त्याच्या औदार्याची नोंद प्रथम घेतली पाहिजे. हॉस्पिस, म्हणजे आजार बरा होण्याची आशा मावळल्यावर वेदना शमवून रुग्णाला शक्यतो घरीच स्वस्थपणे राहू देणारी सेवा, हिचा खर्च वृद्धांसाठीची मेडिकेअर ही केंद्रीय विमा योजना १९८२च्या कायद्यान्वये उचलते. आणि व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचे खाते, आपल्याकडे नोंदलेल्या सैनिकाला वैद्यकीय गरज असल्यास तीच सेवा एक छदामही न घेता देते. एकाच सेवेचे पैसे दोघांनी देऊ नयेत, हे रास्तच आहे. कोणी द्यावेत हे सैनिकाने ठरवावे, हेही लोकशाहीला शोभणारे आहे; केवळ मॉर्फिनची मात्रा घेण्यापूर्वी त्याने दोन्ही नियमावल्यांचा तौलनिक अभ्यास पुरा केलेला असावा, एवढीच माफक अपेक्षा आहे.

हा अभ्यास अगदीच निरर्थक नाही. मेडिकेअरचे हॉस्पिस स्वीकारणाऱ्याला त्या आजारावरील रोगनिवारक उपचारांवर पाणी सोडावे लागते, तर व्हीएच्या हॉस्पिसमध्ये केमोथेरपी वा किरणोपचार सोबत चालू ठेवता येतात. शुश्रूषागृहातील राहण्याजेवणाचा खर्च मेडिकेअर देत नाही; व्हीएची मात्र स्वतःची शुश्रूषागृहे आहेत. हा फरक ज्याला ठाऊक असायला हवा, त्याच्यासमोर बहुधा रुग्णालयातून घरी सोडण्याच्या घाईत एकच कागद सहीसाठी येतो, आणि तो कोणाचा आहे हे विचारण्याचे त्राण त्याच्यात उरलेले नसते.

मेडिकेअरसाठी, आजार आपल्या स्वाभाविक गतीने वाढल्यास रुग्ण सहा महिन्यांपलीकडे जगणार नाही, असे आरंभी दोन डॉक्टरांनी प्रमाणित करावे लागते. पुढे ९० दिवसांचे दोन कालखंड आणि त्यानंतर ६० दिवसांचे कितीही, अशी व्यवस्था असून प्रत्येक नव्या कालखंडाआधी रुग्ण अजूनही पुरेसा मरणोन्मुख आहे याची खात्री करून घेतली जाते. वेळेवर न मरणाऱ्यांवर दंड नाही, ही सवलत ध्यानात ठेवावी.

व्हीएकडे जाणाऱ्याची नोंदणी आधी झालेली नसेल, तर त्याने डीडी-२१४, म्हणजे सैन्यातून मुक्त झाल्याचा दाखला, हाताशी ठेवावा. तो हरवला असल्यास मूळ नोंदी सेंट लुईस येथील अभिलेखागारात असतात, किंबहुना असत. जुलै १९७३मधील आगीत तेथील १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या, आणि १९१२ ते १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ऐंशी टक्के नोंदी त्यांत गेल्या. कोरियाच्या युद्धात लढलेले नव्वदीतले सैनिक नेमके याच काळातले. त्यांची सेवा इतर कागदांवरून पुन्हा सिद्ध करता येते. त्याला वेळ लागतो, आणि वेळ हीच तर त्यांच्याकडील मुबलक वस्तू.

खासगी हॉस्पिसने दिलेल्या सेवेचे पैसे व्हीएकडून हवे असतील, तर खात्याची पूर्वमंजुरी लागते. तेव्हा शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी अत्यवस्थ होऊ नये. दोन्हीकडच्या परिचारिकांनी एकमेकींना एक फोन केला तर बरेचसे प्रश्न मिटतात, आणि काही ठिकाणी त्या तो करतातही. परंतु हे त्यांच्या सौजन्यावर चालते. अन्यथा व्हीएने पूर्वी पाठवलेली खाट आणि नव्या हॉस्पिसने आणलेली खाट एकाच बैठकीच्या खोलीत शेजारी शेजारी उभ्या राहतात, आणि औषधाची बाटली नेमकी कोणी भरून द्यायची हा प्रश्न तिसऱ्याच जागी पडून राहतो.

शेवटची सूचना मृत्यूच्या दाखल्याविषयी. सेवेमुळे जडलेल्या आजाराने सैनिक गेल्यास त्याच्या विधवेला व्हीएकडून दरमहा भरपाई मिळू शकते. व्हिएतनाममध्ये एजंट ऑरेंज या विषारी तणनाशकाच्या संपर्कात आलेल्यांचा फुफ्फुसाचा कर्करोग कायद्याने सेवाजन्यच मानला जातो. मात्र हॉस्पिसच्या डॉक्टरला रुग्णाच्या सैनिकी सेवेची माहितीच नसली आणि त्याने दाखल्यावर नुसते ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहिले, तर हे विधान निर्विवाद खरे असूनही त्या भरपाईच्या वाटेत उभे राहते. म्हणून सदर सैनिकांनी आपल्या मरणाचे कारण मरणापूर्वीच डॉक्टरकडून नीट लिहवून घेण्याची दक्षता घ्यावी.

कळावे,
दोन्ही कार्यालयांच्या मधल्या जागेतून

प्रत : सैनिकाच्या पत्नीस, पुढील सर्व पत्रव्यवहार त्यांनाच करावयाचा असल्याने.