सर दुसऱ्या कोर्टात आहेत

नवरा फोन उचलत नाही म्हणून जिने घटस्फोटाचा अर्ज टाकला, तिचा फोन आता वकील उचलत नाही. फरक एवढाच, की नवऱ्याने फोन न उचलण्याचे पैसे घेतले नव्हते.

पहिली भेट मात्र काय गोड असते! ‘ताई, माझ्यावर सोडा. सहा महिन्यांत मोकळ्या व्हाल.’ ताई सोडतात. कोऱ्या वकीलपत्रावर सही होते, निम्मी फी रोख जाते, पावती मागणं बरं दिसत नाही. मग हळूहळू वकीलसाहेबांच्या जागी ज्युनिअर दिसू लागतो. पुकारा झाला की तो उभा राहून त्याला पाठ असलेलं एकमेव वाक्य म्हणतो, ‘सर दुसऱ्या कोर्टात आहेत, तारीख मिळावी.’ कौटुंबिक न्यायालय वांद्र्याचं असो की शिवाजीनगरचं, वाक्य तेच. सर नेमके कुठल्या कोर्टात आहेत, हे त्या दुसऱ्या कोर्टालाही ठाऊक नसतं. तिथं दुसरा ज्युनिअर हेच सांगत असतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 17व्या आदेशात मात्र साफ लिहिलंय, की वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलाय हे तहकुबीचं कारण होऊ शकत नाही. सुनावणी चालू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, हेही तिथंच आहे. वकिलांनी हे वाचलेलं असतं. अशिलाने वाचलेलं नसतं, त्यावर सगळा संसार चालतो.

‘सहा महिने’ ही थापसुद्धा कायद्यातूनच उचललेली. हिंदू विवाह कायद्याचं 21-ब कलम सांगतं, की समोरच्याला नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत सुनावणी संपवण्याचा प्रयत्न व्हावा. 24व्या कलमाप्रमाणे दावा चालू असतानाच्या पोटगीचा अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली निघावा. परस्पर संमतीच्या घटस्फोटात 13-ब कलमाखाली सहा महिने थांबावं लागतं. पण ही प्रतीक्षा सक्तीची नाही, योग्य प्रकरणात ती माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सांगून ठेवलंय. त्यासाठी फक्त एक अर्ज लागतो. तो वकिलाने लिहायचा असतो. इथं घोडं पेंड खातं.

सगळे वकील असे नसतात, हे वाक्य अशा लेखात लिहावंच लागतं. ते खरंही आहे. शिवाय पगार लपवणारे, फी बुडवणारे आणि रात्री साडेअकराला ‘त्याने स्टेटस बदललंय’ म्हणून वकिलाला उठवणारे अशीलही असतातच. पण अशिलाचा खोटेपणा उलटतपासणीत उघडा पडतो. वकिलाची उलटतपासणी घ्यायला पिंजराच नाही.

1984च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याला बहुधा याची कुणकुण होती. त्याचं 13वं कलम म्हणतं, इथं वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नव्हे. मग रीतसर परवानगीचा अर्ज करायचा आणि परवानगी घ्यायची. आश्चर्य म्हणजे, हा अर्ज घेऊन वकीलसाहेब पहिल्याच तारखेला जातीने हजर असतात.

तर ताई, आणि दादासुद्धा, रडून झालं असेल तर मोबाईल काढा. आपल्या दाव्याचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, घ्या आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाका. मागच्या तारखेला काय झालं, पुढची कधी आहे, ते दिसेल. ‘जजसाहेब रजेवर होते’ या निरोपाचं खरं-खोटं तिथंच कळतं. फाइल मागा. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच ठरवून टाकलंय. वकील बदलायला जुन्याची ना-हरकत मागायची रीत आहे. त्याने ती दिली नाही, तर कारण सांगून कोर्टाची परवानगी घेता येते. नवरा सोडायला साक्षी-पुरावे लागतात, वकील सोडायला एक अर्ज पुरतो. तरी लोक नवऱ्याला आधी सोडतात.

ग्राहक आयोगात जाऊन वकिलाला धडा शिकवू, असं कुणी म्हणत असेल तर ते दार 14 मे 2024 रोजी बंद झालं. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, असा निकाल त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दिला. उरली बार कौन्सिल. महाराष्ट्र आणि गोव्याची एकच आहे. गैरवर्तनाची तक्रार तिथं करता येते. शिक्षा समज देण्यापासून सनद रद्द करण्यापर्यंत काहीही होऊ शकते. राज्य कौन्सिलने वर्षभरात निकाल दिला नाही, तर प्रकरण दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. म्हणजे वकिलाविरुद्धच्या तक्रारीलाही तारखा आहेतच, आणि त्या देणारेही वकीलच.

म्हणून सगळा शहाणपणा पहिल्याच भेटीत वापरावा. फी किती, कोणत्या टप्प्याला किती, आणि तारखेला तुम्ही उभे राहणार की ज्युनिअर, हे कागदावर मागा. दिलेल्या पैशांची पावती मागा. समोरच्याने तोंड वाकडं केलं, तर चहा अर्धा टाकून उठा. एवढा एकच घटस्फोट या देशात फुकट, विनातारीख आणि त्याच दिवशी मिळतो.