कोडकाका

सिग्नलला गाडी थांबली की कोडकाकांचं बोलणंही थांबतं. यंग स्ट्रीट आणि मेजर मॅकेन्झीच्या चौकात, कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचा विषय ऐन रंगात आलेला असताना, ते हात वर करून सगळ्यांना गप्प करतात, डोळे मिटतात आणि ज्याच्या गाडीत फुकट बसलेत त्याच्याच गाडीचा निकाल लावतात, "मिसिंग मारतेय." मालक बिचारा म्हणतो, थंडीमुळे असेल. "थंडी चारही सिलिंडरला सारखीच वाजते," काका म्हणतात, "ही एकालाच वाजतेय."

काका आठवडाभर बँकेच्या आयटीत असतात. गो ट्रेनने डाउनटाउनला जातात, येतात, मान खाली घालून जगतात. त्यांचं खरं आयुष्य शनिवारी सकाळी ड्राइव्हवेवर सुरू होतं. त्यांना गॅरेज आहे. पण रिचमंड हिलमधल्या कुठल्याही मराठी घराप्रमाणे त्यात सूटकेसा, कॉस्टकोचे खोके आणि गणपतीचं मखर असतं, गाडी नसते. त्यामुळे सगळी तपासणी उघड्यावर, शून्याखाली काय असेल ते असो. कोटाच्या डाव्या खिशात हातमोजे, उजव्या खिशात अंगठ्याएवढा ओबीडी स्कॅनर. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं भोक असतं, त्यात तो बसवायचा आणि फोनवर कोड वाचायचा. कॅनडात 1998 पासूनच्या गाड्यांना हे भोक असतं. त्याच्या आधीच्या गाडीत बसायला काकांना संकोच वाटतो.

मराठी मंडळातल्या कुणाचाही फोन येवो, "काका, तो पिवळा इंजिनाचा दिवा लागलाय," की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "लागलाय की मिचमिचतोय?" हा प्रश्न मात्र लाख मोलाचा, हे कबूल केलं पाहिजे. नुसता लागला असेल तर काका म्हणतात, पोहे खाऊन येतो. मिचमिचत असेल तर त्यांचा आवाज बदलतो: बाजूला घे, बंद कर, टो मागव. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि साध्या कॉइलवर भागणारं दुखणं हजारांवर जातं.

मग ते येतात, कोड वाचतात. पी झिरो तीनशे तीन, म्हणजे तिसरा सिलिंडर. इथे तुमच्याआमच्यासारखा माणूस तिसरी कॉइल विकत आणून मोकळा होईल. काका तसं करत नाहीत. ते तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर बसवतात, पहिल्याची तिसऱ्यावर, कोड पुसतात आणि मालकाला म्हणतात, "आता जा, बायव्ह्यूवरून एल्गिन मिल्सपर्यंत चक्कर मारून ये." परत येईपर्यंत कोड तीनशे एक झाला असेल तर चोर कॉइलच. तीनशे तीनच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. हे सगळं बिनचूक असतं. अडचण एवढीच की चोर सापडल्यावर काकांचा त्यातला रस संपतो. कॉइल बसवायला ते पुतण्याला सांगतात.

या निदानाच्या वेडाचं मूळ पुण्यात आहे. ज्या पिढीने चेतक आडवी करून, मग उभी करून, मग किक मारली, जिच्या डिकीत प्लगपाना आणि पॉलिश पेपर कायम असे, तिला बंद पडलेली गाडी पाहून भूक लागते. आकुर्डीच्या कारखान्याने या लोकांना स्कूटर दिली तशी एक खोडही दिली. लक्ष्मी रोडवर भर दुपारी प्लग काढून, घासून, फुंकून परत बसवणाऱ्याला चार लोक सल्ला देत; त्या चौघांतले निम्मे आज कॅनडात असावेत असा मला संशय आहे.

कारण बॉनेट उघडलं की इथेही गर्दी होतेच. डावीकडचे इराणी आगा चहाचा पेला घेऊन येतात, समोरचे चिनी आजोबा नातवाला घेऊन. आगांनी तेहरानमध्ये पेकान चालवलेली, म्हणजे इंग्रजांची हिलमन हंटर इराणी नाव घेऊन. 1967 पासून 2005 पर्यंत निघत होती. काका लगेच कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीचा विषय काढतात. दोघांच्या कार्बोरेटरमध्ये एकाच जातीचा कचरा येत असे, असं ठरतं. आजोबा काही बोलत नाहीत. ते फक्त एका रबरी नळीकडे बोट दाखवतात. बहुतेक वेळा तिलाच चीर असते.

ती चीर हा काकांचा सर्वांत आवडता विकार. हवा मोजणारा सेन्सर पुढे असतो आणि चीर त्याच्या मागे, त्यामुळे चोरवाटेने आलेली हवा मोजलीच जात नाही. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, हवा जास्त झाली; कॉम्प्युटर घाबरून पेट्रोल वाढवत राहतो; गाडी उभी असताना थरथरते आणि रेस दिली की शहाण्यासारखी वागते, कारण मोठ्या श्वासात तेवढी चोरटी हवा खपून जाते. हे समजावताना काका हमखास डनलॅप वेधशाळेकडे हात करतात. आपल्या गावात 1935 पासून 74 इंची दुर्बीण आहे, हे इथल्या निम्म्या रहिवाशांना माहीत नसतं. काकांना तिथे काय घडलं तेही माहीत असतं. टॉम बोल्टन नावाच्या तरुण खगोलशास्त्रज्ञाने 1971-72 मध्ये तिच्यातून एका ताऱ्याचं हेलकावणं मोजलं आणि शेजारी न दिसणारं कृष्णविवर असलं पाहिजे असं दाखवून दिलं. "थरथरीवरूनच!" काका म्हणतात. कृष्णविवर आणि टोयोटाची नळी यांच्यात थोडा फरक असावा, पण ते सांगायचं धाडस कुणी करत नाही.

काकूंचं निदानशास्त्र वेगळं आहे. त्या खिडकीतून विचारतात, "अहो, पेट्रोलचं झाकण कटकट वाजेपर्यंत फिरवलंय का?" झाकण सैल राहिलं तर टाकीतल्या वाफेची गळती समजून दिवा लागतो, हे खरंच. काका मोठ्या सोशिकपणे सांगतात की झाकणाने दिवा लागेल, इंजिन थरथरणार नाही. पण ज्यांचं इंजिन थरथरत नाही आणि दिवा लागलाय, असे लोक हल्ली परस्पर काकूंना फोन करतात. काकांना हे कळू न देण्याची खबरदारी सगळं मंडळ घेतं.

आणि काकांची स्वतःची गाडी? तिचा दिवा कित्येक वर्षं लागलेलाच आहे. पी झिरो चारशे वीस. कॅटॅलिटिक थकलाय, गाडी चालते, सोडा विषय. पूर्वी ही चैन नव्हती. ऑन्टॅरिओचा ड्राइव्ह क्लीन कार्यक्रम होता, तेव्हा जुन्या गाडीची तपासणी पास झाल्याशिवाय नोंदणीचं नूतनीकरण होत नसे, आणि 2013 पासून ते तपासनीसही त्याच भोकात वायर घालू लागले. दिवा दिसला की नापास. दिवा पुसून गेलात तर गाडीने आपल्या अंतर्गत चाचण्या पुन्हा पुऱ्या केलेल्या नसतात, म्हणून परत पाठवत. त्या पुऱ्या व्हायला थंड इंजिन सुरू करून, थोडं उभं ठेवून, मग हायवेवर एका वेगाने लांबवर न्यावं लागे. काकांची मुलं 404 वरून लेक सिमकोच्या दिशेने झालेल्या त्या रविवारांना अजून सहल म्हणतात. तळं दिसे, पण उतरायची परवानगी नसे; इंजिन बंद करायचं नव्हतं. खाणं टिम हॉर्टन्सच्या ड्राइव्ह-थ्रूमधून. 1 एप्रिल 2019 ला सरकारने खासगी गाड्यांसाठी हा कार्यक्रम बंद केला. काकांनी त्या दिवशी श्रीखंड आणलं होतं.

परवा मंडळातल्या एका तरुण जोडप्याने नवी टेस्ला आणली आणि पेढे देऊन कौतुकाने बॉनेट उघडून दाखवलं. आत इंजिन नव्हतं. कांद्याची पिशवी होती. काका बराच वेळ कांद्यांकडे बघत राहिले. प्लग नाही, कॉइल नाही, उभी असताना थरथरायला काही नाहीच. आगांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"छोटी बॅटरी तरी असेल ना हिच्यात?" काकांनी विचारलं.

"असते ना काका. ती उतरली की गाडी उठत नाही म्हणे."

"थंडीत उतरते का?"

"हो, ऐकलंय तसं."

काकांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "तिचे स्क्रू काढून ठेवा," ते म्हणाले, "मी मल्टिमीटर घेऊन आलोच."