वेड्या खात्यांची थोरवी

आपल्याकडे शहाण्या माणसांची वानवा कधीच नव्हती. केंद्र सरकारच्या खात्यांचा आणि राष्ट्रीय संस्थांचा विषय निघाला की त्यांच्या शहाणपणाला विशेष धार चढते. एका मतदारासाठी मतदान केंद्र कशाला? वादळ आलेच नाही, मग माणसे का हलवली? जो रोग देशातून गेला, त्याला अजून कशाला शोधत बसायचे? हिशेब मांडला तर यातला एकही प्रश्न चुकीचा नाही. तरीही मी या लेखात वेडेपणाची बाजू घेणार आहे. राष्ट्रीय संस्थांचे काम कोणते, असे मला कुणी विचारले तर मी म्हणेन : जे शहाण्याला परवडत नाही आणि पटतही नाही, ते नियमाने, वर्षानुवर्षे करत राहणे.

सुरुवात निवडणूक आयोगाच्या वेडापासून करू. मतदाराला मत देण्यासाठी २ किलोमीटरहून जास्त चालावे लागू नये, असा आयोगाचा दंडक आहे. अरुणाचल प्रदेशात चीनच्या सीमेजवळ मलोगाम नावाची वस्ती आहे. २०१९च्या लोकसभा निवडणुकीत तिथे एकच मतदार होती, एक बाई. तिच्यासाठी कर्मचारी आणि पोलीस मतदान यंत्र घेऊन डोंगरवाटेने सुमारे ४० किलोमीटर गेले. २०२४ साली पुन्हा गेले. गीरच्या जंगलात बाणेजच्या देवस्थानातल्या एकट्या महंतांसाठीही अनेक निवडणुकांत असेच केंद्र उभे राहिले. मलोगामची मतदार एकटीच आहे म्हणून तिला ‘सकाळी लवकर येऊन जा’ असे सांगायची सोय नाही. मतदानाची वेळ संपेपर्यंत केव्हा यायचे, हे तिने ठरवायचे.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे कुणीही म्हणेल. म्हणू द्या. एका माणसासाठी केंद्र परवडत नाही, हे एकदा मान्य केले की किती माणसांसाठी परवडते, हा प्रश्न आलाच. दहा? पन्नास? शंभर? तो आकडा कुणीतरी शहरात बसून ठरवणार आणि तो नेहमी पाड्यांच्या, बेटांच्या, डोंगरातल्या वस्त्यांच्या विरोधात जाणार. ही घसरण पहिल्या पायरीवरच थांबवण्याचा एकच उपाय आहे. किमान आकडा एक ठेवायचा. आयोगाने तो तसाच ठेवला आहे, आणि त्या एका मताचे वजन मुंबईतल्या कुठल्याही मताइतकेच धरले आहे.

हे वेड जुने आहे. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार होते १७ कोटींहून अधिक, आणि देशातली साक्षरता होती जेमतेम १८ टक्के. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवायचे ठरवले, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आपले मत आपल्याच हाताने टाकता यावे. पोलादाच्या लाखो पेट्या लागल्या. त्यांतल्या कित्येक लाख आपल्या विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात घडल्या.

त्याच वेळी आयोगाने आणखी एक हट्ट धरला. उत्तरेकडच्या अनेक भागांत बायका यादीत स्वतःचे नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच लिहून घ्या म्हणत. व्यवहारी माणसाने तसे लिहून घेतले असते आणि यादी पुरी केली असती. सेन अडून बसले : मतदाराला स्वतःचे नाव असलेच पाहिजे. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे त्या यादीतून गेली. हे नुकसान लहान नव्हते, त्या निवडणुकीत त्या मताला मुकल्या. पण लोकशाहीतली नागरिक कुणाच्या नात्याने ओळखली जाणार नाही, हे सरकारी कागदावर तिथे पक्के झाले, आणि पुढच्या यादीत नावे येऊ लागली. नवऱ्याचे नाव घेताना उखाण्याचा आडोसा लागणाऱ्या समाजात आयोग बायकांच्या स्वतःच्या नावासाठी अडून बसला, याचे मोल मला फार वाटते.

आता हवामान खाते. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्याची थट्टा करणे हा आपल्याकडचा जुना विरंगुळा आहे. त्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, असे म्हणणारे घरोघरी आहेत. २९ ऑक्टोबर १९९९ला ओडिशावर महाचक्रीवादळ आले आणि सुमारे १०,००० माणसे गेली. २०१३च्या ऑक्टोबरात फायलिन त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा इशारा काही दिवस आधी मिळाला होता. सुमारे १० लाख माणसे हलवली गेली आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. मधल्या १४ वर्षांत निरीक्षणाची साधने सुधारली, २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले, ओडिशा सरकारने किनाऱ्यावर निवारे बांधले. आणि मुख्य म्हणजे, ‘इशारा फुकट गेला तर लोक हसतील’ ही भीती सोडून वेळेवर इशारा देण्याची सवय लागली.

आपल्याकडे ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आले. मुंबईतही माणसे हलवली होती. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागले. मुंबई बहुतांशी वाचली आणि ‘काहीच झाले नाही’ असे म्हणायला मोकळी झाली. ज्यांना पाहायचे होते त्यांनी श्रीवर्धन-दिवेआगरच्या आडव्या झालेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या पाहिल्या. वादळाने वाट थोडी बदलली असती तर त्या जागी कोणाची घरे असती, हे वेगळे सांगायला नको. न आलेल्या संकटासाठी घाम गाळणे हेच या खात्यांचे काम आहे. त्यांचे यश कधीच दिसत नाही. जिवंत राहिलेला माणूस आपण वाचलो म्हणून कुठे नोंद करायला जात नाही.

पोलिओचे तसेच. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि मार्च २०१४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपला प्रदेश पोलिओमुक्त ठरवला. हिशेबाने इथे दुकान बंद करायला हवे होते. पण आजही पोलिओ लसीकरणाच्या रविवारी चिमुकल्या करंगळ्यांवर शाईची खूण होते. लहान मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले की त्याच्या शौचाचे नमुने प्रयोगशाळेत जातात. मुंबईच्या सांडपाण्यात हा विषाणू शोधण्याचे काम २००१पासून चालू आहे. गटारात जे सापडू नये अशी आपली इच्छा आहे, ते तिथे नाही ना, हे पुन्हा पुन्हा पाहणे : याहून उत्तम सरकारी वेड मला माहीत नाही.

सगळ्यांत धाडसी वेड मात्र राज्यघटनेनेच केले आहे. कलम १४८ने सरकारच्या खर्चावर संशय घेणारा एक अधिकारी, नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, नेमला. त्याचा पगार देशाच्या संचित निधीतून. त्याला काढायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याची जी पद्धत, तीच. निवृत्तीनंतर त्याला सरकारी पद नाही, म्हणजे उद्याच्या लोभाने आज गप्प बसण्याचे कारण नाही. डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत या अधिकाऱ्याला घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते. आपल्याच चुका शोधायला आपल्याच तिजोरीतून माणूस ठेवावा, हे कुठल्या शहाण्या सावकाराला सुचले असते? लोकांच्या पैशांवर चालणाऱ्या राज्याला ते सुचावेच लागते.

फाइल दाबून ठेवणे, सही टाळणे, खिडकीवरच्या माणसाला पलीकडच्या खिडकीकडे पाठवणे, याला मी वेडेपणा म्हणत नाही. ते पक्के शहाणपण आहे. सही केली नाही तर चौकशी होत नाही, हे ज्याला कळले तो आपल्यापुरता सुखी होतो आणि खाते मरते. मी ज्याची स्तुती करतो आहे ते वेड सही करते, इशारा देते, आक्षेप लिहिते आणि परिणामांना सामोरे जाते.

हे वेड ओसरले की काय होते, तेही पाहू. १८८१पासून दर दहा वर्षांनी देशाची शिरगणती होत आली. १९४१ साली महायुद्ध चालू असतानाही ती झाली. २०२१ची झाली नाही. आधी साथ आली, ते कारण समजण्यासारखे होते. साथ सरल्यावरही मुदती वाढत गेल्या. आता पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. मधल्या काळात अन्न सुरक्षा कायद्याखाली किती माणसांना धान्य द्यायचे, ही मर्यादा २०११च्या लोकसंख्येवरच उभी राहिली. देश वाढला, मर्यादा तिथेच थांबली. मोजणी पुढे ढकलणे त्या त्या वर्षी कुणाला सोयीचे वाटलेही असेल. त्या सोयीची किंमत रेशनच्या यादीत न मावणाऱ्याने मोजली.

या वेडाला दोन गोष्टी लागतात, पैसा आणि अभय. पैसा संसदेने द्यायचा आणि अभय कायद्याने. पण दोन्ही टिकतात ते लोकांच्या आग्रहावर. इशारा फुकट गेला म्हणून हवामान खात्याला हसणारे, लेखापरीक्षणाचा अहवाल न वाचताच विसरणारे आणि जनगणना का लांबली हे न विचारणारे नागरिक असतील, तर खातीही हळूहळू शहाणी होतील. मग ती फक्त परवडेल तेवढेच करतील आणि जे हिशेबात बसत नाहीत त्यांना वगळतील. आपल्यातला प्रत्येक जण म्हातारपणी, आजारपणात, पुरात किंवा आडगावात कधी ना कधी त्या हिशेबाबाहेर असणार आहे. तेव्हा आपल्या दारापर्यंत कुणी यावे असे वाटत असेल, तर मलोगामची पायपीट आज आपण सगळ्यांनी आपलीच मानली पाहिजे आणि तिचा खर्च मान वर करून मंजूर केला पाहिजे.