नानांचं सातवं कलम

नाना नियमांच्या बाजूचे आहेत की विरुद्ध, हे विचारण्याआधी ते कुठे बसलेत हे बघावं लागतं. खुर्चीत असले की बाजूचे. गाडीवर असले की विरुद्ध. आणि रस्ता ओलांडायला फुटपाथच्या कडेला उभे असले, तर शहरातल्या यच्चयावत वाहनचालकांना अंदमानात धाडावं या मताचे. असा एक तरी नाना प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्याकडे दोन आहेत, पण दुसरे सध्या मुलाकडे न्यू जर्सीला असल्यामुळे तिथली सोसायटी बघून घेईल.

नाना सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. मोटार वाहन कायदा, 1988 त्यांना रामरक्षेसारखा पाठ आहे. बी विंगमधला एक नववीतला मुलगा पार्किंगमध्ये बापाची स्कूटर फिरवताना दिसला, त्याच संध्याकाळी नोटीस बोर्डावर कलम 199अ झळकलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. त्यातले ‘3 वर्षं’ लाल शाईत. मुलाचा बाप आठवडाभर जिन्याने वर जात होता, कारण लिफ्टमध्ये नाना भेटत.

हेच नाना 1 जानेवारी 2019 पासून पुण्यात हेल्मेटसक्तीची कारवाई सुरू झाली तेव्हा मोर्चात पुढे होते. हेल्मेटने मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही आणि केस गळतात, अशी त्यांची तीन कारणं. पहिल्या दोनांवर वाद घालता येईल. तिसऱ्याची भीती नानांना नेमकी कशासाठी वाटते, हे त्यांना समोरून बघणाऱ्याला कळत नाही.

मध्यंतरी ते लेकीकडे ऑस्ट्रेलियाला जाऊन आले. तिथे गाडी गॅरेजातून बाहेर निघायच्या आत मागच्या सीटवर पट्टा लावून बसत, असं लेकच सांगते. कुठल्याशा शेतावर त्यांनी चार जाड चाकांची ती मोटारसायकलवजा गाडी, क्वाड बाईक, पाहिली आणि परत आल्यावर कट्ट्यावर आमचा वर्ग घेतला. ‘11 ऑक्टोबर 2021 पासून तिकडे शेतीकामाच्या नव्या क्वाडला मागे कमान लागते. पलटी झाली तर माणूस खाली चिरडू नये म्हणून. अमेरिकेने तर तीन चाकांच्या असल्या गाड्यांची विक्री 1988 सालीच बंद करायला लावली. आयर्लंडमध्ये 2023 पासून कामावर क्वाड चालवायची तर आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. आणि आपल्याकडे?’ हे ‘आपल्याकडे’ नाना असं उच्चारतात, की ऐकणाऱ्याला वाटावं हे गृहस्थ कायमचे मेलबर्नचे रहिवासी असून पुण्यात फक्त पेन्शन घ्यायला येतात.

तर सोसायटीची सहल अलिबागजवळच्या नागावला गेली. किनाऱ्यावर एटीव्हीवाल्यांची, म्हणजे त्याच क्वाड बाईक भाड्याने देणाऱ्यांची, रांग होती. नाना प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शहाळं पीत होते. तेवढ्यात एक एटीव्ही त्यांच्या चपलांवर वाळू उडवून गेली. नाना शहाळ्यासकट उभे राहिले.

‘कलम 2, उपकलम 34! लोकांना जायचा हक्क आहे ती प्रत्येक जागा सार्वजनिक. मग रस्ता असो की पुळण. आणि सार्वजनिक जागेत नोंदणी नसलेली गाडी चालवता येत नाही, कलम 39. कुठंय नंबरप्लेट? लायसन्स कुठंय? गोव्यात पुळणीवर गाडी घातली की गुन्हा दाखल होतो. इथलं प्रशासन झोपलंय काय?’

कायद्याचा अर्थ नानांनी बिनचूक लावला होता, हे मला मान्य करायला हवं. आम्ही टाळ्याही वाजवल्या. दुर्दैवाने त्या टाळ्यांनी नातू जागा झाला.

नातू बारा वर्षांचा. त्याने आजोबांचा हात धरून ‘आबा, एक राऊंड’ एवढंच म्हटलं. नाना खुर्ची सोडून एटीव्हीजवळ गेले आणि वाटेतल्या त्या वीस-पंचवीस पावलांत भारतीय संघराज्याचे सगळे कायदे मागे पडले.

गाडीजवळचा पोरगा विशीचा असेल. त्याने हेल्मेट पुढे केलं. त्याचा एक पट्टा सुतळीने बांधलेला होता, पण हेल्मेट होतं.

‘कलम 129,’ नाना म्हणाले, ‘हेल्मेट मोटारसायकलला. मोटारसायकल म्हणजे दोन चाकं. ह्याला किती आहेत? मोज.’

पोरग्याने खरंच मोजली. ‘चार. पण आजोबा, डोकं एकच आहे ना?’

नानांनी ते ऐकलं नाही. हेल्मेट नसतानाही त्यांना मागचं ऐकू येत नाही, ते असं.

‘एकट्यानेच बसायचं,’ पोरगा म्हणाला. ‘लहान पोराला नाही देत आम्ही.’

‘मी लँब्रेटा चालवायचो तेव्हा तुझा बाप रांगत होता. मोकळी जागा आहे, समोर समुद्र आहे, कुणाला धडकणार? देवमाशाला? काही होत नाही.’ आणि नातवाला पुढे घेऊन नाना बसले. कलम 199अ त्या वेळी पुण्यात, नोटीस बोर्डावर, टाचणीला लटकत होतं.

या यंत्राची मोठी फसवणूक म्हणजे ते दिसायला गरीब आहे. फुगीर चाकं, त्यांत हवा कमी, चार पायांवर उभं. हे कसलं पडतंय, असं कुणालाही वाटावं. पण गाडी उंच आणि अरुंद, वजन दोन-तीनशे किलो. सीट लांब असते ती मागे बायको बसवण्यासाठी नव्हे, चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकून तोल सांभाळता यावा म्हणून. स्कूटर वळताना स्वतः कलते, ही कलत नाही. बऱ्याच गाड्यांची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर सारख्या वेगाने फिरतात, त्यामुळे वळायची वेळ आली की ती सरळच जायला बघते. कलायचं ते माणसाने, आतल्या बाजूला. नाना मात्र आरामखुर्चीत बसल्यासारखे ताठ बसले होते, आणि त्यांच्या पोटाशी नातू होता.

नानांनी सवयीने मूठ पिळली. काहीच झालं नाही. ‘बंद पडलीय रे ही!’ एटीव्हीचा वेग मुठीत नसतो, उजव्या अंगठ्याखालच्या छोट्या खटक्यात असतो. पोरग्याने तो दाखवला. नानांनी दाबला. गाडी उसळली. घाबरलेला माणूस हँडल घट्ट धरतो, आणि घट्ट धरलं की अंगठा आणखी दाबला जातो. नाना जेवढे घाबरले तेवढी गाडी पळाली. जेवढी पळाली, तेवढे ते घाबरले. ‘ब्रेक, आबा!’ असं नातू ओरडत होता. तो बिचारा व्हिडिओ गेम खेळलेला असल्यामुळे त्या दोघांत जाणकार तोच.

ओल्या वाळूवरून त्यांनी डावीकडे हँडल वळवलं. गाडीची डावी दोन चाकं उचलली गेली, आणि आपण पडतोय असं वाटून नानांनी स्कूटरवर टाकतात तसा पाय खाली टाकला. पोरगा मागून धावत होता. त्याच्या हातात इंजिन बंद करायची दोरी होती, ती त्याने हिसकली. गाडी थांबली, क्षणभर विचार केला आणि पुन्हा चारही पायांवर बसली. नाना शेजारी वाळूत बसले होते. नातू त्यांच्या मांडीवर, सुखरूप. नानांचा घोटा सुजला, चष्मा समुद्राने घेतला.

आम्ही धावत गेलो तेव्हा नानांचे पहिले शब्द होते, ‘शासन काय करतंय?’

त्याच रात्री खोलीवर घोट्याला बर्फ लावून त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. एका गाडीवर एकच माणूस. पट्टा शाबूत असलेलं हेल्मेट सर्वांना सक्तीचं. सोळा वर्षांखालच्याला मोठी गाडी देऊ नये. पोहणाऱ्यांपासून आणि चालणाऱ्यांपासून दोरी बांधून वेगळी पट्टी. इंजिन बंद करायची दोरी तपासल्याशिवाय गाडी सुरू करू नये. वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर, जिथे ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, तिथे विणीच्या काळात एकही चाक नको. सहाच्या सहा मागण्या इतक्या चोख, की नानांना खुर्चीतून उठूच न देण्याचा ठराव सोसायटीने करावा असं मला वाटलं.

सातवं कलम पानाच्या तळाशी, जरा बारीक अक्षरात होतं: ‘तथापि, ज्येष्ठ व अनुभवी चालकांना वरील अटींतून सूट असावी.’

ते खोडून मी बाकीच्या अर्जावर सही केली आहे. अर्ज आमच्या सोसायटीच्या ऑफिसात ठेवला आहे. किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने येऊन सही करावी. पेन स्वतःचं आणा, तिथलं नानांनी नेलंय.